फिकं पडलेलं कूलंट

बाबा,

आपली चार चाकांची ती मोटारसायकल, एटीव्ही, सुरू करू नका, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत पाणी तर अजिबात ओतू नका.

गळती कुठून होतेय ते कळावं म्हणून मी चार दिवस गाडीखाली पेपर पसरतेय. पेपर रोज ओला, तरी टाकी भरलेलीच! आज पाहिलं तर हिरवंगार कूलंट सरबतासारखं फिकं झालंय. नळ काही आपणहून पार्किंगमध्ये येत नाही.

गाडी तुम्ही पसंत केलीत, म्हणून गळतीवरून मी तुम्हाला बोलेन असं वाटलं का? थेंब पंपाखालीच पडतात, म्हणजे सील गेलंय. तेच आणायला चाललेय. शनिवारी खडकवासल्याच्या ट्रॅकवर पहिल्या फेरीला माझ्या मागे तुम्हीच बसायचंय.

नवा पेपर पसरलाय. त्यावर बादली टेकवू नका, तिचा गोल उमटतो.

स्वराली