तिसऱ्या ओळीनंतर

पप्पा, दिल्लीच्या आपल्या चर्चमधल्या तुमच्या ऑर्गनवर आता साउंड मिक्सर ठेवलेला असतो. झाकण बंद, त्यावर पांढरा रुमाल आणि रुमालावर ते यंत्र. स्कूटरचा आरसा मात्र अजून तिथेच आहे, तुम्ही तारेने बांधला होता तसाच. तो कशासाठी आहे हे कोणाला ठाऊक नाही, म्हणून कोणी काढलेलाही नाही.

लहानपणी मला वाटायचं, तो माझ्यासाठी आहे. तुम्ही मंडळीकडे पाठ करून बसायचात आणि त्या गोल काचेत तुमचे डोळे दिसायचे, म्हणून मी दुसऱ्या बाकावर ताठ बसून राहायचे. उपासना सुरू होण्याआधी तुम्ही बराच वेळ वाजवत असायचात, पाय भात्यावर अगदी सावकाश. ऐकत कोणीच नसायचं. कोणाची बदली झाली, कोणाला आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं, कोणाच्या मुलीचं ठरलं, हे सगळं त्या सुरांच्या आडोशाने बोलून घ्यायचे लोक. मला राग यायचा, तुम्हाला येत नसे. पण तुम्ही शेवटचा सूर लांबवलात की माणसं वाक्य अर्ध्यावर टाकून उभी राहायची. पाळकसाहेबांनी 'उठू या' म्हणायच्या आधीच. ऐकत नसलेल्या माणसांना ते कसं कळायचं, याचं उत्तर मला तेव्हा सापडलं नाही आणि आज ध्वनीचं शिक्षण घेऊनही नीट सांगता येणार नाही.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली शनिवारची संध्याकाळ. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्यावर बोटांनी उद्याचं गीत वाजवता आहात, कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष नाही. आई म्हणते, फाइलींमध्ये इतकं मन घातलं असतं तर एव्हाना अंडर सेक्रेटरी झाला असतात. तुम्ही हसता. मी सातवीत आहे. वाढदिवसाला तुम्हीच दिलेला, ताल मोजायचा चावीचा मेट्रोनोम मी ओट्यावर आणून ठेवते, त्याचे ठोके सुरू करते आणि थोड्या वेळाने तुम्हाला सांगते की तिसऱ्या ओळीनंतर तुम्ही ताल सोडता, दर कडव्याला. तुमची बोटं थांबतात.

"मावशी अजून त्या ओळीत असतात," तुम्ही म्हणता. "त्यांना तिथेच सोडून मी पुढे जाऊ?"

मावशी म्हणजे पहिल्या बाकावरच्या, निवृत्त नर्स, दम्याच्या. आवाज सगळ्यांत मोठा आणि श्वास सगळ्यांत कमी. मी म्हणते, मग त्यांना लवकर गायला सांगा.

"तू सांग. आणि ही टकटक उचल इथून."

त्यानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा नीट बघितलं. आरसा माझ्याकडे नव्हताच, पहिल्या बाकाकडे होता. त्यात बघत तुम्ही सूर धरून ठेवत होतात. मावशींचं तोंड मिटलं की पुढे जात होतात.

मी अकरावीत असताना तुम्ही गेलात. चारेक वर्षांनी मावशी गेल्या. ऑर्गनचा भाता फाटला, दुरुस्त करणारा कोणी मिळाला नाही, कीबोर्ड वाजवणारा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. आता गीतं रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर होतात. मी गुरुग्रामला गाड्यांच्या आतला आवाज मोजण्याचं काम करते, हे कमिटीच्या सेक्रेटरी अंकलना कळलं, तेव्हा त्यांचा फोन आला. बेटा, ट्रॅक पुढे पळतो आणि मंडळी मागे राहते, स्पीकरमध्ये काही डिले आहे का बघ.

मी माइक लावून मोजलं. स्पीकर व्यवस्थित आहेत. मग लॅपटॉपवर नुसत्या मंडळीचा आवाज ऐकला. दर कडव्यात तिसरी ओळ संपते, ट्रॅक पुढे जातो आणि पुढच्या बाकांवरची जुनी माणसं थांबतात. मग पुढची ओळ अर्ध्या शब्दावरून घाईघाईने पकडतात. त्यांच्यातल्या दोघांना मी विचारलं. आपल्याकडे गीत असंच म्हणतात, असं ते म्हणाले. मावशींचं नाव कोणी काढलं नाही. तुमचंही नाही.

मला जे येतं ते मी केलं. थांबण्याची सरासरी काढली आणि ट्रॅकमध्ये तेवढी शांतता घातली. पुढच्या रविवारी पहिल्या कडव्यात लोक आधीच सुरू झाले, दुसऱ्यात उशिरा. तुम्ही मोजून थांबत नव्हतात, हे मला माहीत असायला हवं होतं. मावशींचा दम कधी बरा असे, कधी नसे. अंकल हसून म्हणाले, "पहलेवालाच ठीक होता, यार." मग म्हणाले, तूच का नाही वाजवत, भात्याचं बघू काहीतरी. मला स्वर वाचता येतात. आरशात बघत वाजवता येत नाही. आणि बघायचं तरी कोणाकडे?

शेवटी कमिटीने ठरवलं की तिघा तरुणांना माइक देऊन पुढे उभं करायचं आणि ट्रॅक मोठा ठेवायचा. म्हणजे कोण मागे राहिलं ते ऐकूच येणार नाही. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. मला शोधूनही त्यावर हरकत सापडली नाही. ही पप्पांची सवय आहे, एवढंच मी म्हणाले. अंकलनी मायेने ऐकून घेतलं.

"बेटा, पण ती जुनी माणसं आता राहिलीत किती?"



गेल्या रविवारी मी मागच्या बाकावर होते. आवाज स्वच्छ होता. पुढच्या बाकांवरची तोंडं हलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. मी गात नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी गात होते. तिसरी ओळ संपली, ट्रॅक पुढे गेला आणि मी थांबले. आरशाकडे बघितलं. इतक्या लांबून त्यात नुसती ट्यूबलाइट दिसते. पुढची ओळ कुठून धरायची ते मला कळलं नाही, आणि कडवं संपेपर्यंत मी तशीच उभी राहिले.

अंकलना दिलेल्या अहवालात मी लिहिलं आहे की स्पीकरमध्ये दोष नाही. बाकीचं इथे लिहिलं, कारण हे कुठे द्यायचं नाही. त्यातलंही एक राहिलंच होतं, पप्पा. तो मेट्रोनोम मी त्या संध्याकाळनंतर पुन्हा कधी लावला नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मोडला म्हणून सांगितलं. तो मोडलेला नाही.