सांधलेला पडदा

सोमवार
आज सकाळी डॉक्टरांनी डाव्या कानातला बोळा काढला, तेव्हा मी आधी काय केलं, तर कानाजवळ दोन बोटं चोळून पाहिली. सुकं पान चुरगळावं तसा आवाज आला. मनातल्या मनात देवाला हात जोडले. लहानपणी दोन्ही कान फुटायचे, उजवा तेव्हाच कायमचा गेला. डाव्याचा पडदा वणांनी चुन्याच्या पापुद्र्यासारखा कडक झाला होता. डॉक्टरांनी तो खरवडून कानामागची पातळ झिल्ली लावली. आता पुढच्या तपासण्या होईपर्यंत धाकट्या बहिणीकडे मुक्काम. मेहुण्याच्या लाकूडगिरणीत फळ्या रचायचं कामही मिळालं. धाकटी म्हणाली, दादा, आता तुझ्या पाठीमागे तुला नावं ठेवायची सोय राहिली नाही. जेवताना तिचं हसणं ऐकत बसलो. इतकी वर्षं ते नुसतं पाहिलं होतं.

गुरुवार
कानाची तपासणी झाली. बंद खोलीत बसवलं. आवाज आला की हात वर करायचा. तपासणारी मुलगी हसायला लागली. म्हणाली, काका, मी बटण दाबायच्या आधीच हात वर करताय, कान आहे की ज्योतिषी? पुन्हा केलं, पुन्हा तेच. यंत्र बिघडलं म्हणाली आणि ‘उत्तम सुधारणा’ असं लिहून मोकळी झाली. पण आवाज मला खरंच आला होता.

शनिवार
सकाळी डाव्या कानात करवत अडखळली, आणि करवत चालवणाऱ्या मिस्त्रींची किंकाळी आली. धावत गेलो, तर ते चहा पीत बसलेले. म्हणाले, काय हो, भूत बघितलंत का? दुपारी त्यांचा हात कोपरापासून गेला. करवत तशीच अडखळली. किंकाळी तीच, शेवटच्या हुंदक्यासकट. भुशात पडलेला हात मीच फडक्यात गुंडाळला.

रविवार
देवाचं नाव घेत होतो. धाकटी समोर भाजी चिरत होती. कानात कुऱ्हाडीचा घाव. मांसावर पातं बसतं तो आवाज आता ओळखतो. मग तिचा आवाज — दादा, मारू नकोस रे — आणि शिव्या, माझ्याच आवाजात. आयुष्यात कधी न दिलेल्या. कवटी फुटली. मग काहीच नाही. ती वर बघून विचारत होती, मीठ कमी घालू ना?

मंगळवार
डॉक्टर म्हणाले, भास असतील. पडदा फाडा म्हटलं, तर हसले. खरंच आहे, कान फोडला म्हणून घाव थोडाच चुकतो? घरातली कुऱ्हाड विहिरीत टाकली. आवाज तसाच. गाव सोडायला निघालो — स्टँडवर तो आवाज उलट जवळ आला. मेहुण्याने शोधून, हाताला धरून परत आणलं.

बुधवार
आई गेल्यावर हिला मीच वाढवलं. या हाताने भरवलं. देवा, हा हातच नको —

रविवार
डाव्या हाताने लिहितो आहे. केलं. उजवा मनगटाच्या वर करवतीला दिला. हाड कापताना देवाचं नाव सोडलं नाही. धाकटी उशाशी बसून रडली. म्हणाली, दादा, वेड लागलं का रे तुला? माझी पोर वाचली, एवढंच मनात —

पण कानात घाव चालूच. आता संथ. वेडेवाकडे. एका हाताने घातल्यासारखे —

ती पाणी घेऊन येते आहे. दाराशी सरपणाची नवी कुऱ्हाड कुणी ठेवली — डाव्या हातात एवढा जोर कुठून — धाकटे, आत येऊ नको, आत ये