सव्वीस वॅटची अब्रू

रविवार, १९ नोव्हें. '६१, अमरावती
अकोल्याच्या कापूस-जिनिंगमधले वीजतज्ज्ञ बापूराव आपले नवे, घरीच बनवलेले वॅटमीटर काखोटीला मारून प्रातःकाळी अवतीर्ण. माझ्या हौशी रेडिओ-प्रक्षेपकाला जोडले. माझे स्वहस्तनिर्मित मीटर दोन वर्षे अखंड सव्वीस वॅट सांगत आले आहे. त्यांचे चौदावर जाऊन स्वस्थ बसले. टिचकी मारली. चौदाच. बा. चहा घेऊन गेले आणि सायंकाळी रेडिओच्या चाळीस मीटर पट्ट्यावर, सकल वऱ्हाडचे हौशी श्रवण करीत असता, वदले, "मास्तर, तुमचं मीटर तुमच्यावानीच फुशारकी मारून राह्यलं."

सोम. २०
अवमान पचवीन, सवय आहे. परंतु चांदूर रेल्वेचे डॉक्टर, बार्शीटाकळीचे देशमुख आणि धारणीचे कांबळे, या तिघा रेडिओमित्रांनी आपापली मीटरे माझ्याच मीटरशी ताडून अंकित केली. मी असत्य तर ते तिघे निष्पाप असत्य. पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने इतके वॅट चोरावेत, तेही परोपकारार्थ!

बुध. २२
युक्ती सुचली. दिवा पक्षपात करीत नाही. मोटारीचे दोन जुळे बल्ब: एक बॅटरीवर, जिथे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार शाळकरी पोरही करील, दुसरा प्रक्षेपकावर. मध्ये तेलाचा डाग पडलेला कागद. दोन्हीकडून तेज समान झाले की डाग लुप्त. बा.ना हवेवरूनच आव्हान दिले: स्थळ तुमचेच घर, हरेल त्याने सर्वांदेखत चूक कबूल करावी. उत्तर आले, "या. भज्याचं पाहून ठेवतो."

रवि. २६, अकोला
प्रक्षेपक मांडीवर घेऊन बसप्रवास. गुडघे अद्याप माझे वाटत नाहीत. कागद मात्र अमरावतीसच विसरलो. बा. प्रसन्न. तेवढ्यात त्यांच्या सौ.नी वर्तमानपत्रावर भजी आणली. एक भजे उचलले. खाली सुवर्तुळ, सुस्निग्ध डाग. विज्ञान असेच पुढे जाते.

खिडक्या लावल्या. मी आणलेल्या व्होल्टमीटरवर नजर ठेवून बॅटरीची वीज हळूहळू वाढवली. वीस वॅट, डाग स्पष्ट. तेवीस. पंचवीस, डाग अंतर्धान! बल्बांची अदलाबदल केली, पुनश्च पंचवीस. माझे मीटर: सव्वीस. एका वॅटला मी औदार्याने क्षमा केली.

बा.नी आपले मीटर उघडले. माझ्या मीटरात विजेचा भार झेलायला तेलात बुडवलेले सरळ कार्बनचे तुकडे; त्यांच्या मीटरात विजेच्या शेगडीची गुंडाळलेली तार. बॅटरीच्या विजेला ती केवळ रोध. रेडिओच्या विजेला वेटोळे घातलेला नाग, निम्मी शक्ती दारातूनच परत धाडणारा. वहिनी म्हणाल्या, "म्हंजे माही शेगडी तुमीच मोडली होती." बा. अधोवदन. मी भजी संपवली.

सोम. २७, अमरावती
बा.नी सायंकाळी हवेवर वीरोचित कबुली दिली. धारणीहून कांबळ्यांनी अभिनंदन केले. मी विनयपूर्वक दीर्घ भाषण केले. ते संपताच बा.: "सारं खरं मास्तर. पन काल बॅटरीवर लावलेलं व्होल्टमीटर, त्याले कोनं तपासलं?"

वातावरणीय व्यत्ययाचे निमित्त सांगून प्रक्षेपक बंद केला.

ते व्होल्टमीटर महाविद्यालयाचे. तपासणीची चिठ्ठी मी रुजू होण्यापूर्वीची. कसरीने बारकाईने वाचून टाकलेली. प्रयोगशाळेच्या कपाटात आणखी एक व्होल्टमीटर आहे. दोन्ही शेजारी मांडून पाहावीत, की विजय आणखी एक दिवस भोगावा?

किल्ली माझ्याच खिशात आहे.