पोहायचा लंगोट

डुलूथ, मिनेसोटा

ती. दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे वर्नरचा, पालथं पडून नमस्कार. (पालथं पडणं आता फक्त पाण्यातच जमतं, त्याचीच ही हकिगत.) ताईचा गुडघा, तुमचं ब्लड प्रेशर आणि तो नतद्रष्ट कुत्रा, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे.

तर दाजी, प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून माझा नळ गळतो. शिंकलो की गळतो, हसलो की गळतो, नुसता उठलो तरी गळतो. त्याचं काही नाही हो, पण पोहणं सुटलं आणि जीव अर्धा झाला. उभा जन्म पाण्यात काढलेला माणूस मी, घरात बसून पडद्यांवरची फुलं मोजू? शेवटी बायको, आयरिसच, वैतागली. "जा बाबा एकदाचा, नाहीतर मीच तुला बुडवते!"

मग या शहाण्याने काय करावं? रोजचाच डायपर चढवला, वर फुलाफुलांची चड्डी, आणि पोहण्याच्या बंदिस्त तलावात मारली उडी! आता जी वस्तू पाणी प्यायलाच जन्माला आली, तिला अख्खा तलाव दाखवल्यावर ती सोडते होय? अर्ध्या फेरीतच मागचा भाग भोपळ्याएवढा. डोकं खाली, बूड वर! हात मारतोय आणि जागच्या जागी गोल फिरतोय. मग फट्! डायपरच फुटला. चर्चच्या जेवणात साबुदाण्याची खीर असते ना, तशी पांढरी बुळबुळ तलावभर तरंगायला लागली.

आणि आपली मिनेसोटाची माणसं कशी भिडस्त, तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी हसेल तर शपथ! शेजारी पोहणाऱ्या नॉर्बर्टच्या नाकावर एक गोळा बसला होता, तरी म्हणतो कसा, "यंदा बर्फ लवकर पडलं, नाही?" मी म्हटलं, "हो ना." बायका खीर बाजूला सारत वाऱ्याबद्दल बोलत राहिल्या. दाजी, कुणी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मी मेल्याहून मेलो.

शेवटी पाण्यातला व्यायाम शिकवणाऱ्या मेव्हिसबाईंनी मला गाडीपाशी गाठलं. (तिथेही आधी टायरबद्दल बोलल्या.) "अहो वर्नर, पोहायचा लंगोट वेगळा मिळतो. तो पाणी पीत नाही. कमरेला, मांडीला गच्च बसतो आणि आतलं आत धरतो. आधी जाऊन यायचं, कॉफी नंतर प्यायची, बाहेर आलं की लगेच बदलायचा. झालं!" मी त्यांना मिठीच मारली. (गळलो. असो.)

आता रोज पोहतो, दाजी! चढवताना तो असा दाटतो की एका पायावर नाचावं लागतं, पण पाण्यात शिरलो की मी राजा. ताईला नमस्कार.

तुमचा,
वर्नर

ता. क. पुलापलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्यांशी पोहण्याची रिले शर्यत ठरली आहे आणि नॉर्बर्टचा खांदा निखळलाय. चौथा गडी हवा. तुमचंही तेच ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तुम्ही "कान दुखतो" म्हणून पाण्यात उतरत नाही.

ता. क. २. ताई म्हणते, कान ठणठणीत आहे.

ता. क. ३. पार्सलात एक घातलाय, निळा. तुम्ही घोरत होता तेव्हा ताईने माप घेतलं, तिच्यावर ओरडू नका. फोनवर रडली ती. म्हणाली, "हे तळ्याकाठी खुर्ची टाकून नुसते पाण्याकडे बघत बसतात, मला बघवत नाही रे." मलाही बघवत नाही, दाजी. शनिवारी गाडी घेऊन दारात उभा राहीन. आत लपलात तरी दार ताईच उघडणार आहे.