दोन कांचनांचं रोप

आबा, मी इथे कराचीला गोदीवर कापसाच्या गाठी उचलतो. आज दसरा. सोनं द्यायला ओळखीचं एक माणूस नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. चौथीतून पळालेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

धुळ्याला साहेबाच्या बंगल्यात तुम्ही राखलेली बाग अजून दिसते. जांभळा कांचन दिवाळीच्या सुमाराला फुलायचा, पांढरा शिमग्याला. दोघांची गाठ पडायची नाही. ती तुम्ही घातलीत. जांभळ्या फुलातली भुकटी पुडीत बांधून, चुन्याच्या खड्यासोबत तपकिरीच्या डबीत जपलीत. शिमग्याला तुम्ही पांढऱ्या झाडापाशी वाकलेले आहात, न उमललेली कळी उकलून तिचे केसर उपटताय, कोंबडीच्या पिसाने भुकटी लावून वर फडकं बांधताय. खानसामा म्हणतो, माळीबुवा फुलांची लग्नं लावतात, पोराचं कधी लावणार? तुम्ही हसताय. एकच शेंग धरली, तिच्यातलं एकच बी रुजलं. तीन वर्षांत ते तुमच्या खांद्याला लागलं.

त्या दसऱ्याला मी कापसाच्या जिनिंग कारखान्यातलं काम सोडून घरी आलो. तिसरं काम. तुम्ही रागावला नाहीत. रोपाला पाणी घालता घालता म्हणालात, "हाई एक जागावर ऱ्हास, म्हणीसन वाढस. तुनं कसं व्हई रे भाऊ?"

संध्याकाळी मी त्याच रोपाचा शेंडा मोडला, पानं ओरबाडून आणली, तुमच्या पाया पडून सोनं घ्या म्हटलं. तुम्ही पान उलटंसुलटं केलंत. आपट्याचं पान एवढं मोठं कुठे असतं! अक्का माझ्यावर ओरडली, आंधळा झालास का म्हणून. मी म्हणालो, अंधारात आपटाच वाटला. तुम्ही पान पागोट्यात खोचलंत. "सणना दिवस शे, बाई. सोनंच शे ते." सकाळी मात्र तुम्ही मोडलेल्या जागेवर शेणमाती लिंपत बसला होतात. मी दुपारचीच गाडी पकडली. हिवाळ्यात तुम्ही तापाने गेलात. मला कळलं तेव्हा तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं.

अक्काने आता कुणाकडून तरी लिहवून घेतलंय, रोप बुडातून फुटलं, मोठं झालं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत फुलतं. शेंग धरत नाही. रंग कसा ते सांगता येत नाही म्हणते, येऊन बघ. मी अजून गेलेलो नाही.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? उशाखाली ठेवतो. एवढंच सांगायचं होतं आबा, की त्या संध्याकाळी अंधार नव्हता. चांगलं दिसत होतं मला.