आत्याची किल्ली

आत्या,

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहिते. घराच्या डाउन पेमेंटला तू पैसे दिलेस. बँकेने मागितलं म्हणून "ही भेट आहे, घरावर माझा हक्क नाही" असं सहीनिशी लिहूनही दिलंस. आणि वर जादा किल्ली मागून घेतलीस! मी कामावर गेले की रोज माझं स्वयंपाकघर तुझ्या मनासारखं लावायचीस. मीठ शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. काल चिडून कुलूपच बदललं.

आज सुट्टी होती. तू बराच वेळ जुनी किल्ली फिरवत राहिलीस, मग गुपचूप जिना उतरलीस. मी दाराआडच उभी होते, कडीवर हात ठेवून.

बेल वाजवायची ना गं! बसवलीही तूच होतीस.

तुझी,
दाराआडची भाची