ओढ्यावरचा तवंग

१२ फेब्रुवारी
पोचले एकदाची! बार्शीहून सोलापूर, तिथून कंपनीच्या जीपने अक्कलकोट रोड सोडून पार आत. डिझेलची पाइपलाइन फुटून ओढ्यात तेल उतरलंय. पाइप बंद करून जोडलाय. आता ओढा साफ करून घ्यायचा, पाण्याचे नमुने तपासायचे. स्वतंत्रपणे मिळालेलं माझं हे पहिलंच काम. ओढ्यापलीकडे पत्र्याची खोली मिळालीय, समोर ज्वारी उभी. शेजारी एकच घर, काशम्मांचं. पाय अधू, घरात एकट्याच. आल्या आल्या त्यांनी भाकरी आणि शेंगाचटणी दिली. आई गेल्यापासून ‘पोचलीस का?’ विचारणारं कोणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

१५ फेब्रुवारी
सफाईच्या टोळीचा मुकादम युवराज आणि त्याची माणसं झटून काम करतात. पॅडनी तेल टिपतात, गाळ पोत्यांत भरतात. काल पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. आज सकाळी पुन्हा तवंग, तोही गळतीच्या जागेच्या वरच्या अंगाला. तेल प्रवाहाविरुद्ध कसं चढलं? युवराज म्हणाला, वाऱ्याने. ज्वारीचं पानही हलत नव्हतं.

१७ फेब्रुवारी
काशम्मांची एकटी वेगळी बांधलेली शेळी नाहीशी झाली. खुंट्याला दावं तेवढं उरलंय, डिझेलने भिजलेलं. गोठ्यातल्या बाकीच्या शेळ्या धडधाकट. काशम्मा म्हणाल्या, “त्ये त्याल न्हाय, बाई. एकट्याला हुडकत फिरतंय.” मी हसण्यावारी नेलं. मग ओढ्यावर जाऊन बराच वेळ बघत बसले. पाणी खाली वाहत होतं. तवंग वर येत होता.

१९ फेब्रुवारी
साहेबांनी युवराजच्या टोळीला दुसऱ्या गळतीवर पाठवलं. मी इथेच थांबून नमुने घ्यायचे. युवराजने बाइकवरून सोडतो म्हणून खूप आग्रह केला. पण काशम्मा घर सोडायला तयार नाहीत, आणि त्यांना टाकून माझा पाय निघेना. त्यांच्याकडेच राहायला गेले. दोघी आहोत तर कोणीच एकटी नाही, असं मीच त्यांना समजावलं. चुलीपुढे बसून जेवलो. त्यांनी माझी वेणी घातली. किती वर्षांनी कुणाचा हात केसांतून फिरला.

२१ फेब्रुवारी
सकाळी तवंग अंगणापर्यंत आला होता. कोरड्या मातीवरून.
काशम्मांना न्यायला गाडी हवी होती, आणि रेंज फक्त रस्त्यावर. जाऊ की नको? त्याच म्हणाल्या, “जा की. बिगी बिगी ये.” ओढ्यावरची फरशी, म्हणजे तो बुटका दगडी पूल, ओलांडून पळत गेले. साहेब म्हणाले, गाडी उद्या. तशीच पळत परतले.
दार उघडं. तव्यावर भाकरी जळत होती. पाटावर कोणी नाही. जमीन ओली, तिच्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग.
मीच त्यांना एकटं सोडलं.

२२ फेब्रुवारी, सकाळ
फरशीवर तवंग. या काठापासून त्या काठापर्यंत. पाय ठेवायला जागा नाही. रस्त्यावर हॉर्न वाजत होता, बराच वेळ. मी ओरडले. गाडी निघून गेली.
पाणी वाहताना दिसतं, पण आवाज नाही. पाखरंही—
तवंगाखाली काशम्मा दिसल्या. उताण्या. डोळे उघडे. माझ्याकडे बघत होत्या.

दुपार
दार लावलंय. फटीतून येतंय. सावकाश. घाई नाही त्याला.
मघाशी वास येत होता, आता तोही नाही.
खाटेवर पाय वर घेऊन बसलेय. कुणाला तरी हाक मारावीशी वाटते. नावच आठवत नाही कुणाचं—

खाटेच्या पायाला लागलं. कोमट आहे.
त्यात काशम्मा. हात वर केलाय. म्हणतात, आता एकटं न्हाय ऱ्हायचं, बाई. त्यांच्या मागे अजून माणसं, ओळखीची नाहीत, किती तरी— सगळी माझ्याकडे बघून सरकताहेत, जागा करून देताहेत, मधे एकीपुरती—